गलबताचे बूड आणि सागरातील स्पंज

खानदेशातून सुरतेकडे निघालेली आगगाडी अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली अशी ठाणी मागे टाकीत उधन्यास येते आणि तेथे मुंबईहून येणाऱ्या मोठ्या लोहमार्गास मिळते. उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या तोंडी मराठी किंवा अहिराणी असते, आणि त्यांचे पोट बहुधा मागावर नाहीतर रंगाई-छपाईच्या मिलमध्ये असते. ज्या तापीच्या खोऱ्यातील त्यांची गावे, ती नदीही त्यांच्यासारखीच पश्चिमेस येऊन उधन्यापासून काही कोसांवर समुद्रास मिळते. मागांच्या खडखडाटात त्या समुद्राची आठवण सहसा कोणास होत नाही. तथापि ज्या शहराच्या दक्षिण अंगास हे उपनगर वाढले, त्याचे जुने वैभव कापडावर जितके उभे होते तितकेच जहाजांवर उभे होते. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली ती या वैभवाचा माग काढीतच. आणि ते वैभव मोखा, बसरा, जेद्दा अशा बंदरांपर्यंत जाऊन परत येत असे ते सागवानी बुडांवरून.

या बुडांचा एक शत्रू होता. तो चाचा नव्हता आणि वादळही नव्हता. लाकूड समुद्रात पडले की काही तासांतच त्यावर सूक्ष्मजंतूंचा बुळबुळीत पापुद्रा धरतो. मागोमाग करंडक नावाच्या सूक्ष्म वनस्पती येतात, मग शेवाळ, मग चुन्याची घरे बांधणारे बार्नेकल, कालवे, शिंपले. आतून लाकूड पोखरणारा जहाजकिडा तर याहून वाईट. वरचा थर गलबताची चाल मारतो आणि किडा गलबतालाच मारतो. या वरच्या थरास जैवलेप म्हणता येईल. तो जाड झाला म्हणजे पाणी कापणारे बूड खडबडीत होते, शिडात तेवढाच वारा भरूनही मजल कमी पडते. आजच्या आगबोटीच्या बाबतीत हाच हिशेब तेलात मांडला जातो. बूड पुरते माखले असेल तर इंधनाचा खर्च तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो.

सुरतेच्या नाखव्यांना यातले सूक्ष्मजंतू ठाऊक नव्हते. पण उपाय मात्र ठाऊक होते. मोठी जहाजे तापीच्या मुखाच्या उत्तरेस सुवालीच्या नांगरवाड्यात उभी राहत आणि लहान तारवे नदीतून शहरापर्यंत येत. गोड्या पाण्यात काही काळ राहिले की खाऱ्या पाण्यातले जीव आपोआप मरतात, हे नदीमुखावरच्या प्रत्येक बंदराला अनुभवाने कळलेले असते. भरतीच्या वेळी गलबत चिखलाच्या काठावर चढवायचे, ओहोटी लागली की एका कुशीवर कलते करून बूड खरवडायचे आणि पुढल्या भरतीस उतरवायचे, ही दुसरी रीत. तिसरी म्हणजे तेल. ग्रोज नावाचा इंग्रज प्रवासी १७५० साली या किनाऱ्यावर आला. १७५७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने सुरतेच्या सुतारांची मोठी तारीफ केली आहे. फळीत फळी बसविण्याची त्यांची पद्धत त्यास अपूर्व वाटली. त्याचबरोबर एका प्रकारचे लाकडी तेल ते बुडाच्या फळ्यांत चोळून जिरवितात आणि त्यामुळे जहाज दीर्घकाळ टिकते, असेही त्याने नोंदविले आहे. अरबी समुद्राच्या काठी अन्यत्र चुना आणि चरबी यांचा लेप देत. कोकणात मुशीच्या काळजाचे तेल चालत असे. त्याचा उग्र दर्प ज्याने एकदा घेतला तो ते विसरत नाही. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवल्या जात आणि नारळी पौर्णिमेस पुन्हा पाण्यात लोटल्या जात. मधल्या महिन्यांत बुडावरचे जीव सुकून जात आणि डागडुजीसही सवड मिळे. मोठ्या लढाऊ जहाजांना मात्र वाळूवर ओढणे शक्य नव्हते. विजयदुर्गानजीक वाघोटणच्या खाडीवर गिर्ये येथे खडकात खोदलेली मराठी आरमाराची गोदी आजही दिसते. गोदी म्हणजे जहाज बांधण्याची जागा खरीच. पण त्याहून अधिक वेळा ती बूड उघडे करून पाहण्याची जागा असे.

याच गरजेतून सुरतेचा एक सुतार मुंबईच्या इतिहासात शिरला. सुरतेजवळच्या सिंगणपोरचा लवजी नसरवानजी हा पारशी कारागीर १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून काही सुतार बरोबर घेऊन मुंबईस आला. त्याचे घराणे पुढे वाडिया म्हणून प्रसिद्धीस आले. मुंबईची पहिली सुकी गोदी १७५० मध्ये तयार झाली. त्या घराण्याच्या हातचे ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले ते लाकूड पाहिले म्हणजे ग्रोजच्या तारिफेत अतिशयोक्ती फारशी नव्हती, हे पटते.

दरम्यान युरोपात वेगळाच उपाय निघाला होता. इंग्रजी आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या बुडास तांब्याचा पत्रा ठोकून ते वेस्ट इंडीजच्या उबदार पाण्यात धाडले. परत आल्यावर पत्रा स्वच्छ होता, किड्याचा मागमूस नव्हता. पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे गंजून खलास झाले होते. खिळ्यांची अडचण निवारण्यास वेळ लागला. १७७९ नंतर मात्र अवघ्या आरमारास झपाट्याने तांबे चढले आणि इंग्रजी जहाजांची चाल शत्रूस हेवा वाटावा अशी झाली.

तांबे बूड का राखते, याचे उत्तर मिळाले ते एका नामांकित शास्त्रज्ञाच्या फसलेल्या यशामुळे. समुद्राचे पाणी तांब्यास हळूहळू खाते आणि दर काही वर्षांनी महागडे पत्रे बदलावे लागतात, याने आरमारखाते त्रासले होते. खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्याचा जनक हम्फ्री डेव्ही याने १८२४ साली त्यावर तोड सुचविली. तांब्यास लोखंडाचा किंवा जस्ताचा लहानसा तुकडा जोडला की खाऱ्या पाण्यात झीज त्या तुकड्याची होते आणि तांबे शाबूत राहते. प्रयोगासाठी निवडलेल्या जहाजांत एक होते ‘समरांग’. ते कोचीच्या गोदीत बांधलेले आणि हिंदुस्थानातच तांबे चढविलेले. डेव्हीचे विद्युत्-रसायन अचूक ठरले. तांबे झिजेनासे झाले. पण झिजेनासे झालेल्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नेकल बेधडक चढू लागले, आणि काही वर्षांतच आरमारखात्याने ती योजना गुंडाळली.

डेव्हीच्या वाट्यास यामुळे बरीच कुचेष्टा आली. ती न्याय्य नव्हती. त्याच्या प्रयोगाने एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आणली होती. तांब्याचा पत्रा हा कवच म्हणून काम करीत नव्हता; तो पाण्यात विरघळत होता आणि त्या विरघळलेल्या विषाने जवळ येणारे जीव मरत होते. बूड राखायचे म्हणजे समुद्रात सतत थोडे थोडे विष सोडीत राहायचे, हा व्यवहार तेव्हापासून स्पष्ट झाला. पुढे लोखंडी जहाजे आली, त्यांस तांब्याचा पत्रा लावता येईना, म्हणून तांब्याची संयुगे रंगात कालवण्यात येऊ लागली. साधन बदलले, व्यवहार तोच राहिला.

ज्या सुमारास डेव्हीच्या तांब्यावर शेवाळ चढत होते, त्याच सुमारास, म्हणजे १८२५ च्या आसपास, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर रॉबर्ट ग्रँट नावाचा वैद्य एक जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहत होता. स्पंज हा प्राणी की वनस्पती, हा वाद त्या काळी चालू होता. ग्रँटला दिसले की त्याच्या अंगावरील मोठ्या छिद्रांतून पाण्याचा प्रवाह एकसारखा बाहेर पडतो. पाणी बारीक रंध्रांतून आत घ्यायचे, त्यातील अन्नकण गाळायचे आणि उरलेले पाणी बाहेर टाकायचे, हाच त्या जीवाचा संसार. एका दिवसात स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक हजार पट पाणी तो असे गाळतो.

या वादाचा पुढचा एक अध्याय मुंबईत लिहिला गेला, ही गोष्ट मराठी वाचकांत फारशी प्रसिद्ध नाही. कंपनी सरकारच्या नोकरीतील हेन्री जॉन कार्टर नावाचा शस्त्रवैद्य मुंबईत राहत होता आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा चिटणीसही होता. मुंबई बेटावरील तळ्यांत गोड्या पाण्याचे स्पंज उगवतात, ते खरवडून आणून त्याने वर्षानुवर्षे पाहिले आणि १८४८-४९ च्या सुमारास त्यांच्या जाती, रचना आणि प्राणित्व यांविषयी निबंध प्रसिद्ध केले. ज्या तळ्यांवर धुणी धुतली जात आणि गुरे पाणी पीत, त्यांच्या पायऱ्यांवरचा हा हिरवट गोळा सामान्य माणसास शेवाळाहून वेगळा वाटला नसता. कार्टर १८६२ मध्ये मायदेशी परतला आणि स्पंजांचा थोर ज्ञाता म्हणून ओळखला गेला. त्याच्या नावाने गोड्या पाण्यातील एका स्पंजाचे नामकरण झालेले आहे. मुंबईतल्या त्या तळ्यांपैकी बहुतेक बुजविली गेली. नाव तेवढे राहिले.

स्पंजाची खरी नवलाई कार्टरच्या काळी कोणाच्या ध्यानी आली नव्हती. हा प्राणी एका जागी रुतून बसतो. त्यास पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही. खडकाचा इंचन् इंच ज्या पाण्यात शेवाळ आणि बार्नेकल बळकावतात, त्याच पाण्यात तो उघडा पडलेला असतो. त्याच्या अंगावर बार्नेकल चढले तर रंध्रे बुजतील आणि तो उपासमारीने मरेल. असे असूनही अनेक स्पंजांचा पृष्ठभाग लख्ख असतो. गलबताच्या बुडास जे साधत नाही ते या मऊ गोळ्यास कसे साधते, हा प्रश्न विचारला जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले. वेर्नर बर्गमान या रसायनशास्त्रज्ञाने फ्लॉरिडाच्या समुद्रातील एका स्पंजातून काही अपूर्व संयुगे वेगळी केली आणि १९५१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्याच धर्तीवर रक्ताच्या कर्करोगावरील सायटॅराबिन हे औषध पुढे बनले. स्पंज हा रसायनांचा कारखाना आहे, हे तेव्हा कळून चुकले. जहाजवाल्यांनी मात्र तिकडे पाहिले नाही; कारण त्यांच्या हाती त्या सुमारास तांब्याहून प्रखर अस्त्र आले होते.

ते अस्त्र म्हणजे ट्रायब्युटिल टिन, कथिलाचे एक सेंद्रिय संयुग. १९६० च्या दशकात ते बुडाच्या रंगात मिसळू लागले आणि १९७० च्या दशकात असा रंग निघाला की तो पाण्यात अगदी सावकाश झिजावा आणि प्रत्येक वेळी विषाचा ताजा थर वर यावा. एकदा रंग दिला की जहाजास सुमारे पाच वर्षे गोदीचे तोंड पाहावे लागत नसे. असा रंग पूर्वी कधी झाला नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे.

त्याची किंमत प्रथम चुकविली ती फ्रान्समधील कालवे पाळणाऱ्यांनी. आर्काशों उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिले धरेनात. जी कालवे वाढली त्यांचे शिंपले विद्रूप आणि जाड, आत मांस नाही. उपसागरात नांगरलेल्या हौशी होड्यांच्या बुडांतून हे विष येत होते. १९८२ साली फ्रान्सने पंचवीस मीटरांहून लहान होड्यांवर त्या रंगास बंदी केली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर तर त्याहून विचित्र प्रकार घडत होता. समुद्री गोगलगायींच्या एका जातीत माद्यांच्या अंगावर नराचे इंद्रिय उगवत होते आणि अंडी बाहेर पडण्याची वाट बंद होऊन त्या आतल्या आत मरत होत्या. हा विकार जडण्यास एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग इतके विष पुरेसे होते. आपला किनारा यापासून दूर होता असे समजण्याचे कारण नाही. गोव्यातील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विश्वकिरण आणि अनिल या संशोधकांनी १९९९ मध्ये भारतीय पाण्यातील एका गोगलगायीत हाच विकार नोंदविला. त्या जातीचे शास्त्रीय नाव ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’. कोकणचे नाव लागलेल्या प्राण्यावर ही पाळी यावी, हा योगायोग खराच.

रंगाचे पाणी ओढ्या-खाड्यांत गेले की काय होते, हे रंगाई-छपाईच्या मिलशेजारी राहणाऱ्या उधन्याच्या रहिवाशास समजावून सांगावे लागत नाही. पण मिलचे पाणी डोळ्यांस दिसते. जहाजाच्या बुडातून झिरपणारे विष दिसत नाही, आणि ते सोडणारे जहाज तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशात असते. म्हणूनच एकेकट्या राज्याचा कायदा येथे लंगडा पडतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या विद्यमाने ऑक्टोबर २००१ मध्ये करार झाला आणि तो १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. कथिलाच्या या रंगांस बंदी झाली. जुना रंग खरवडून काढावा, नाहीतर त्यावर तो बाहेर झिरपणार नाही असा दुसरा थर द्यावा, अशी मुभा होती. झाकलेला रंग नाहीसा होत नाही. खंभातच्या आखाताच्या पलीकडल्या काठावर, भावनगरजवळ अलंग येथे, १९८३ पासून जगभरची म्हातारी जहाजे वाळूवर चढवून तोडली जातात. जहाजाचे बूड शेवटी ज्या चिखलात टेकते, तेथेच त्याच्या साऱ्या रंगांचाही शेवट होतो.

बंदीच्या चाहुलीनेच रसायनशास्त्रज्ञ पुन्हा स्पंजाकडे वळले. जपानात नोबुहिरो फुसेतानी यांच्या नेतृत्वाखाली १९९१ ते १९९६ या काळात या एकाच प्रश्नासाठी मोठा प्रकल्प चालला. त्यांची कसोटी समजून घेण्याजोगी आहे. बार्नेकलचा डिंभ, म्हणजे अपक्व पोर, शेवटच्या अवस्थेत काही खात नाही. तो केवळ जागा शोधतो. दोन स्पर्शिकांवर चालत चालत पृष्ठभाग चाचपतो, पसंत पडला तर डोके खाली करून सिमेंटासारखा द्रव ओततो आणि जन्मभर तेथेच राहतो. या एका क्षणी त्यास जागा नापसंत पडली तर त्यास मारण्याची गरजच उरत नाही. म्हणून फुसेतानींच्या पथकाने प्रत्येक संयुगास दोन प्रश्न विचारले: किती मात्रेस डिंभ बसण्याचे टाळतो, आणि किती मात्रेस तो मरतो? या दोन मात्रांतले अंतर जितके मोठे तितके ते संयुग कामाचे. अकॅन्थेला जातीच्या स्पंजांतून काढलेली काही संयुगे या कसोटीस चांगली उतरली. डेव्हीपासून चालत आलेल्या व्यवहारात या दोन मात्रांत भेद करण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते.

स्वीडनमधील संशोधकांनी थंड, खोल पाण्यातील ‘जिओडिया बारेट्टी’ या स्पंजातून बॅरेटिन नावाचे संयुग काढले. हा स्पंज नेहमी स्वच्छ कसा, या कुतूहलातून तो शोध लागला. २००४ च्या सुमारास त्यांनी दाखविले की हे संयुग रंगात सहस्रांश इतके मिसळून फळ्या समुद्रात सोडल्या असता बार्नेकल बसण्याचे प्रमाण जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटते. शिवाय त्याचा परिणाम उलटतो. डिंभ स्वच्छ पाण्यात सोडले की ते पुन्हा जागा शोधू लागतात. ते मेलेले नसतात, नुसते परतविलेले असतात.

गोव्याच्या संस्थेतील काम आणखी एका दिशेने गेले. नरसिंह ठाकूर आणि अनिल यांनी २००० साली ‘इरसिनिया रॅमोसा’ या स्पंजाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यात स्पंजाच्या अर्काइतकेच लक्ष त्याच्या पृष्ठभागावर वस्ती करून असलेल्या सूक्ष्मजंतूंकडे दिलेले आहे. परक्या जंतूंस हुसकावण्यात या भाडेकरूंचाही वाटा असतो, असे त्यातून दिसून आले. ही बाब दिसते त्याहून महत्त्वाची आहे. कारण स्पंजाच्या रसायनाची सर्वांत मोठी अडचण पुरवठ्याची आहे. काही मिलिग्रॅम संयुगासाठी किलो-किलो स्पंज लागतो, आणि जहाजांचे रंग टनांनी खपतात. समुद्र वाचविण्यासाठी समुद्रतळ खरवडून स्पंज गोळा करणे हा शुद्ध अविचार ठरेल. संयुग सूक्ष्मजंतू बनवीत असतील तर ते टाकीत वाढविता येतील. नसतील तर त्याची नक्कल प्रयोगशाळेत घडवावी लागेल. दोन्ही वाटा खर्चाच्या आहेत. रंगात मिसळल्यावर ते वर्षानुवर्षे बेताने झिरपले पाहिजे, हा वेगळा पेच. आणि नवे जीवनाशक द्रव्य बाजारात आणण्यासाठी लागणाऱ्या परवान्यांचा खर्च त्यावर वेगळा. म्हणूनच पहिले यश मिळाले ते स्पंजाच्या संयुगास नव्हे. पशुवैद्य जनावरांस गुंगी आणण्यासाठी वापरतात त्या मेडेटोमिडिन या द्रव्याने बार्नेकलचा डिंभ अस्वस्थ होऊन पाय झाडीत दूर पळतो, हे गोटेनबर्गच्या संशोधकांना आढळले आणि ते आता जहाजांच्या रंगात वापरले जाते. द्रव्य प्रयोगशाळेतले, पण मारण्यापेक्षा परतवून लावण्याची युक्ती स्पंजाचीच.

आज तापीच्या मुखाशी हजिऱ्याच्या बंदरात मोठमोठी जहाजे लागतात. त्यांच्या बुडांच्या रंगांत कथिल नाही, पण बहुतेकांत तांबे आहेच. १७६१ साली ‘अलार्म’च्या बुडास ठोकलेले, आणि कोचीच्या ‘समरांग’वर डेव्हीने झिजू न दिलेले, तेच. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी त्या बुडांभोवती घोळते, जसे सुरतेच्या तारवांभोवती घोळत असे. आणि दोना पावलच्या किनाऱ्यालगत प्रयोगाच्या फळ्या समुद्रात सोडून त्यांवर काय बसते आणि काय बसत नाही, याची मोजदाद होत आली आहे.